मगदूमांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम

मगदूमअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या शाळेच्या लायब्ररीत टेबलावर उभे होते आणि छताशी बोलत होते. "का रुसलीस बाई? काय कमी केलं तुला?" छतातल्या एसीच्या जाळीमधून गरम वारा येत होता. बाहेर बहरीनमधल्या ईसा टाउनचं मे महिन्याचं ऊन, आत मुलं वह्यांनी वारा घेत बसलेली. टेबलावर बूट घालून चढू नये ही विनंती कोणत्या शब्दांत करावी, याचा मी, तिथला ग्रंथपाल, खाली उभा राहून विचार करत होतो. त्यांनी वरूनच माझ्याकडे पाहिलं, बूट काढले, माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "धरा. आता बरं वाटलं का न्हाई?"

मी बूट धरून उभा राहिलो. पुढच्या सगळ्या वर्षांत आमचं नातं साधारण असंच राहिलं. ते कुठेतरी वर चढलेले आणि मी खाली त्यांचं काहीतरी धरून उभा.

अण्णा सुट्टीवर गावी गेले आणि तिकडेच गेले. ही बातमी येऊन आता बरेच दिवस झाले. मी लिहायला बसतो आणि उठतो. दुःखी मनाने एखादं वाक्य जुळवावं, तर त्या वाक्यात अण्णा येऊन काहीतरी आचरटपणा करतात आणि मला हसू येतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हसू आल्यावर काय करायचं असतं, हे मी वाचलेल्या पुस्तकांत कुठे सापडलं नाही.

दिनकर मगदूम कोल्हापूरजवळच्या एका गावचे. तरुणपणी एसीचे मेकॅनिक म्हणून बहरीनला आले आणि पुढे एसी बसवण्या-दुरुस्त करण्याचा स्वतःचा धंदा त्यांनी उभा केला. अंगाने आडवे, मिशा जाड, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या खोलीत ऐकू जावं. मला ते 'पुस्तकराव' म्हणत. कुणी काही अडचण सांगितली की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मफी मुश्कील." अरबीत मफी म्हणजे नाही; अडचण नाही. एसी दुरुस्त होणार असला तरी मफी मुश्कील, आणि होणार नसला तरी.

अदलियातल्या एका कॅफेत चहा मागवताना कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून घेतात. तिथे अण्णा आपलं नाव 'कोल्हापूर' सांगत. थोड्या वेळाने काउंटरवरची फिलिपिनो मुलगी गोड आवाजात हाक मारी, "कोलापूर! मिस्टर कोलापूर!" आणि अण्णा खुर्चीतून उठून, हात वर करून, शाळेतल्यासारखं "हजर!" म्हणत. आजूबाजूचे लोक बघत. मी कपात बघे. एकदा विचारलं, हे कशासाठी. म्हणाले, "एवढ्या लांब कोण तरी कोल्हापूरला हाक मारतंय. कुणीतरी ओ द्यायला नको व्हय?"

त्यांचे वडील गावात लग्नं जुळवून देत. लहान दिनकर पोह्यांच्या लोभाने त्यांच्याबरोबर घरोघरी बघण्याच्या कार्यक्रमांना जाई. त्यामुळे असेल, जगातल्या सगळ्या व्यवहारांकडे ते वरपक्ष आणि वधूपक्ष याच नजरेने बघत. नवा कामगार ठेवायचा तरी "स्थळ बरं हाय" म्हणत. स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की ती मी त्यांच्या ओठांबरोबर म्हणू शकत होतो. कितीतरी मुलींनी त्यांना नापसंत केलं होतं. मग सुमनवहिनींकडे गेले. त्या काळी मुली मान खाली घालून बसत. वहिनींनी मान वर करून एकच प्रश्न विचारला, "उधारी किती हाय?"

"काय न्हाई म्हटलं," अण्णा सांगत. "ते शेवटचं खरं. त्यानंतर काय ते उत्तर परत देता आलं न्हाई."

धंदा चांगला चालला होता आणि एका वर्षी त्यांनी एका मोठ्या इमारतीचं काम घेतलं. काम देणारा ठेकेदार बिलं न देताच देश सोडून गेला. कामगारांचे पगार थकले तेव्हा अण्णांनी स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज काढलं, मग क्रेडिट कार्डं वापरली, मग सुट्या भागांच्या दुकानदाराकडे उधारी केली. कंपनीचं कर्ज वेगळं आणि माणसाचं वेगळं असं त्यांच्या बाबतीत नव्हतंच. परवान्यावर नाव त्यांचंच होतं. त्या दुकानदाराने कोर्टात जाऊन त्यांच्यावर देश सोडायची बंदी आणली, तेव्हा त्यांनी मला त्या कॅफेत बोलावलं आणि हे सगळं एखाद्या दुसऱ्याच माणसाची फजिती सांगावी तसं हसत सांगितलं. फक्त चहात साखर न घालता बराच वेळ चमचा फिरवत राहिले.

"बंदीच्या आधीच एकानं सल्ला दिला हुता," ते म्हणाले. "गाडी विमानतळावर सोड आणि निघून जा. मी बघितल्यात तसल्या गाड्या. मालकाची वाट बघत उन्हात उभ्या असत्यात बिचाऱ्या. मला न्हाई जमायचं."

मग म्हणाले, "तेजूची बारावी हाय वो."

तेवढंच. पण त्यात सगळं आलं. तेजश्री त्यांची एकुलती एक मुलगी, आमच्याच शाळेत. धंद्याचा परवाना गेला की व्हिसा जाणार. व्हिसा गेला की ऐन वर्षात शाळा जाणार.

एका वकिलाने त्यांना वाट दाखवली होती. इथल्या कायद्यात अशा माणसाला कोर्टात अर्ज करून, धंदा न मोडता, देणी हप्त्याहप्त्याने फेडण्याची योजना मांडता येते. त्यासाठी परवाना असलेला एक जाणकार लागतो. तो सगळे हिशेब तपासतो, योजना आखतो, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांसमोर ती ठेवतो आणि पुढे ती पार पडते की नाही यावर लक्ष ठेवतो. नेमणूक कोर्टाची, पण नाव आपण सुचवू शकतो. वकिलाने अण्णांना तीन नावं दिली होती आणि एक निवडायला सांगितलं होतं.

मी पुस्तकी सल्ला दिला. परवाना तपासा. फी आधी विचारा. सगळं लेखी घ्या.

"ते हायच," अण्णा म्हणाले. "परवाना म्हंजे पत्रिका, ती बघायचीच. फी म्हंजे हुंडा, त्यो आधीच बोलून घ्यायचा. पण पुस्तकराव, जावई कधी ऑफिसात जाऊन बघतात का?"

"जावई?"

"जावईच की! घरात येणार, कपाटं उघडणार, तुमी काय खाता ते विचारणार, आणि तुमी वर त्यालाच चहा देणार. त्याला घरी बोलवायचं. पोहे द्यायचे. तुमी मुलीचे मामा."

"मी काय करायचं?"

"चष्मा लावून बसायचं. तुमचं तोंड बघितलं की माणसाला वाटतं, ह्याला सगळं म्हाईत हाय. म्हणून बोलू नका."

आणि अशा रीतीने एका शनिवारी सकाळी मी अदलियात, मगदूमांच्या घरी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर मामा म्हणून बसलो. आत सुमनवहिनी पोहे परतत होत्या आणि कुणाचं नाव न घेता बोलत होत्या. "घरावर नांगर फिरायची वेळ आलीया आणि माणसाला पोहे सुचतात."

पहिलं स्थळ मुंबईचं होतं. जुफैरच्या एका उंच इमारतीत ऑफिस, मनगटावर जाड घड्याळ, बोलणं लोण्यासारखं. गृहस्थ सोफ्यावर बसतात न बसतात तोच स्वयंपाकघरातून अण्णा आले. डोक्यावर तेजूची ओढणी, हातात ट्रे, नजर जमिनीवर. बशी ठेवून ते खुर्चीच्या कडेला टेकले आणि पायाच्या अंगठ्याने गालिच्यावर गोल काढू लागले.

"विचारा काय विचारायचं ते," त्यांनी लाजत म्हटलं. "स्वयंपाक येतो. गाणं येत न्हाई."

आतल्या खोलीतून तेजूचा आवाज आला, "बाबा! यू आर सो एम्बॅरसिंग!"

गृहस्थ क्षणभर गडबडले, मग मोठ्याने हसले. माणूस गोड होता, हे कबूल करायला हवं. म्हणाले, "मगदूमसाहेब, टेन्शन आजपासून माझं. तुम्ही शांत झोपा." अण्णांनी फी विचारली. "आपल्या माणसांत फीचं काय! नंतर बघू."

"हुंडा नको म्हणणारी माणसं पुढं गाडी मागतात," अण्णा ओढणीआडून पुटपुटले. मग त्यांनी त्यांच्या मनातला खरा प्रश्न काढला. "एका दोस्ताचं देणं हाय. कागद न्हाई, काय न्हाई. शब्दावर दिलेत बिचाऱ्यानं. त्याचे तेवढे आधी गपचूप भागवले तर?"

"अवश्य भागवा," गृहस्थ म्हणाले. "ते कागदावर आणूच नका. कळणार कोणाला?"

अण्णांचा चेहरा फुलला. त्यांना नेमकं हेच ऐकायचं होतं. गृहस्थ गेल्यावर त्यांनी ओढणी काढून हवेत फिरवली. "सोन्यासारखा मुलगा!"

वहिनी बशी उचलायला आल्या. "पोह्याला हात लावला न्हाई त्यानं."

"शुगर असंल."

"असंल. आपल्यासमोर बसून त्या दुकानदाराला फसवायची युगत सांगितली. उद्या दुसऱ्या कुणाच्या सोफ्यावर बसून आपली सांगंल." आणि त्या बशी घेऊन आत गेल्या.

तो दोस्त म्हणजे वरच्या मजल्यावरचे देवधर काका. एका कंपनीत हिशेबनीस, अत्यंत सज्जन, आणि बायकोला न सांगता आयुष्यात त्यांनी केलेली एकमेव गोष्ट म्हणजे अण्णांना दिलेले पैसे. देवधर काकूंना ते कळलं असतं तर इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळलं असतं, आणि अण्णांना कर्जापेक्षा त्याची धास्ती जास्त होती. गणपतीत एसीच्या तंबूपासून आरतीपर्यंत सगळं हौसेने करणारा माणूस. त्याच मांडवात आपल्याबद्दल लोक हळू आवाजात बोलतील, हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी देवधर काकू खाली आल्या तेव्हा जे झालं, त्याला अण्णांचा नाइलाज म्हणायचा की खोडी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

काकूंनी जिन्यात सूटवाला पाहुणा पाहिला होता. पोह्यांचा वास वरपर्यंत गेला होता. खिडकीतून ओढणीही दिसली होती, मात्र ती कोणाच्या डोक्यावर आहे ते दिसलं नव्हतं.

"मगदूम, मला स्पष्ट बोलायची सवय आहे," त्या म्हणाल्या. "बारावीतली पोर. एवढी हुशार. आणि तुम्ही आत्तापासून स्थळं बघताय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

"नुसतं बघून ठेवायलोय, काकू."

"काय करतो मुलगा?"

"हिशेब बघतो लोकांचे."

"वय?"

अण्णांनी विचार केला. "पन्नाशीचा असंल."

काकू मटकन खाली बसल्या. "पन्नास!"

"पण तब्येत चांगली हाय. पहिलं लग्न हाय का, ते मात्र विचारायचं राहिलं. अजून दोन स्थळं यायचीत वो. घाई काय न्हाई."

आतल्या खोलीत कुणीतरी उशीत तोंड खुपसून हसत होतं. काकू वर गेल्या त्या डोळे पुसत. मी अण्णांना म्हटलं, हे बरोबर नाही. "बरोबर न्हाईच," ते म्हणाले. "पण कर्जापेक्षा बरं हाय. लग्न मोडता येतं."

दुसरं स्थळ तरुण होतं. त्याने सोफ्यावर बसताच लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर रंगीत आलेख दाखवायला सुरुवात केली. तो लॅपटॉपशी इंग्रजीत बोलत होता. मध्येच आमच्या डोक्यावरचा एसी खडखडला, तेव्हा अण्णा खुर्चीवर चढले आणि उरलेलं सादरीकरण त्यांनी वर, जाळीत हात घालून ऐकलं. दोस्ताचा प्रश्न त्यांनी तिथूनच विचारला. तरुणाने लांबलचक उत्तर दिलं. तो गेल्यावर अण्णांनी तेजूला अर्थ विचारला.

"ही डिडन्ट से येस, ही डिडन्ट से नो," तेजू म्हणाली.

"म्हंजे घरी विचारून सांगतो म्हणणारा," अण्णा म्हणाले. "लई बघितलेत असले."

तिसऱ्या शनिवारी घंटा वाजली तेव्हा अण्णांनी सवयीने ओढणी डोक्यावर घेऊन दार उघडलं. दारात काळ्या पायघोळ अबायातल्या एक बहरीनी बाई उभ्या होत्या, वहिनींच्याच वयाच्या, काखेत फाइल. वेळ त्यांच्या ऑफिसातल्या माणसाने ठरवली होती आणि जाणकार म्हणजे बाई असतील, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अण्णांनी ओढणी ओढून काढली.

"रहने दो," बाई शांतपणे म्हणाल्या. "अच्छा लगता है."

त्यांचं नाव झहरा. त्यांच्या वडिलांचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि तिथे येणाऱ्या गुजराती, सिंधी व्यापाऱ्यांकडून त्या लहानपणीच हिंदी शिकल्या होत्या. त्यांनी दारात चपला काढल्या. बसायच्या आधी परवान्याची प्रत टेबलावर ठेवली, शेजारी फीचा कागद ठेवला. मग पोहे खाल्ले. लिंबू मागितलं. परत पोहे मागितले. तोपर्यंत कामाचं एक अक्षर बोलल्या नाहीत.

बशी रिकामी झाल्यावर म्हणाल्या, "गाडी जाएगी."

अण्णांची पांढरी मोठी गाडी खाली उभी होती. तिच्यावर त्यांचं तेजूच्या खालोखाल प्रेम होतं.

"कार्ड आज से बंद. धंधा चलेगा, लेकिन छोटा. घर के लिए हर महीने जितना तय होगा, उतना ही. सब लोग मान जाएंगे, ये मैं नहीं बोलती. मैं कोशिश करूंगी." मग त्यांनी फाइल उघडली. "घर का खर्चा कौन देखता है?"

"मैं," अण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आपटलं.

"मॅडम को बुलाओ," झहराबाई म्हणाल्या.

सुमनवहिनी हात पुसत बाहेर आल्या. तिन्ही शनिवारांत त्यांना कोणी पहिल्यांदाच बाहेर बोलावलं होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत भाडं, शाळा, गॅस, किराणा असं सगळं न अडखळता सांगत गेल्या. झहराबाई लिहून घेत होत्या. अण्णा आळीपाळीने दोघींकडे बघत होते. आपल्याच घरात काय चाललंय ते आपल्याला आजच कळतंय, असा त्यांचा चेहरा होता.

शेवटी अण्णांनी आपला प्रश्न विचारलाच. दोस्त, शब्द, गपचूप.

"मफी," बाई म्हणाल्या. "कोई पहले नहीं. सब एक साथ. दोस्त का नाम भी लिखो, उसको भी चिठ्ठी जाएगी. गपचूप दिया, तो मैं केस छोड दूंगी."

"पर वो दोस्त है," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खोडी नव्हती. "उसने भरोसे पे दिया. उसको मैं लाइन में खडा करूं?"

"दुकानवाले ने भी भरोसे पे दिया," बाई म्हणाल्या.

अण्णा हातातल्या ओढणीला पीळ घालत होते. ही बाई निवडली तर देवधरांना चिठ्ठी जाणार, काकू ती उघडणार, आणि मंडळातल्या सगळ्यांना कळणार. पहिला गृहस्थ निवडला तर कोणालाच काही कळणार नाही, निदान काही दिवस. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. खूप वर्षांपूर्वी त्यांना विचारला गेलेला तो प्रश्न अजून तिथेच बसून त्यांच्याकडे बघत होता.

"पसंत," सुमनवहिनी म्हणाल्या.

झहराबाई गेल्यावर अण्णांनी ओढणीची घडी घातली. मग म्हणाले, "जावई बघायला निघालो आणि सून मिळाली."

चिठ्ठी वरच्या मजल्यावर पोचली त्या दिवशी मी तिथेच होतो, कारण अण्णांनी मला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. जिन्यात पावलं वाजली. देवधर काकू कागद हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

"मगदूम, हे काय आहे?"

अण्णा उठून उभे राहिले आणि या वेळी त्यांनी सगळं सरळ सांगितलं. ठेकेदार, पगार, बँक, दुकानदार. काकू ऐकत होत्या.

"म्हणजे ते सूटवाले कर्जासाठी आले होते?"

"व्हय."

"आणि तेजूचं लग्न?"

"बारावी हाय वो तिची. लग्न कसलं?"

काकूंनी भिंतीला हात टेकला. "देवा," त्या म्हणाल्या, "मी रात्र रात्र जागतेय." आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्या हसायलाच लागल्या. तेजूला बाहेर बोलावून त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. तेजू म्हणाली, "आंटी, आय वॉज सो स्केअर्ड टू," आणि बापाकडे बघून जीभ दाखवली. सगळे हसत होते. तेवढ्यात काकूंनी कागद परत डोळ्यांजवळ नेला.

"आमच्या ह्यांनी तुम्हाला पैसे दिले? कधी? कुठून?"

"ते तुमी काकांनाच विचारा," अण्णा नम्रपणे म्हणाले. "माझ्यावर कोर्टाची बंदी हाय. मला वरच्या मजल्यावर येता येत न्हाई."

देवधर काकांचं त्या संध्याकाळी काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. पण ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांची बैठक झाली, तेव्हा काका काकूंना घेऊन आले. काकू त्या दुकानदाराशेजारी बसल्या आणि योजना वाचून होईपर्यंत त्याला तेजूचे पहिलीपासूनचे मार्क सांगत राहिल्या. त्याने शेवटी योजनेला होकार दिला, पण एक अट सोडली नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत बंदी राहील. झहराबाईंनी वाद घालून पाहिला. अण्णाच म्हणाले, "असू द्या. मला कुठं जायचंय?"

मंडळात अर्थातच सगळ्यांना कळलं. काहींनी बोलणं कमी केलं. उन्हाळ्यात त्यांचेच एसी बिघडले, तेव्हा अण्णा गेले, उत्तम दुरुस्त केले, सगळ्यात गार हवेवर लावले आणि रिमोट सगळ्यात उंच कपाटावर ठेवून आले.

गाडी न्यायला माणूस आला तेव्हा त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं. त्या माणसाच्या हातावर दही ठेवलं आणि सांगितलं, "पोरगी हट्टी हाय, सकाळी लगेच चालू होत न्हाई. रागवू नका." मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते बसने फिरू लागले. कॅफेत आता फक्त एकच चहा घेत आणि रिकामा कप जास्तीचा मागत. दोन्ही कपांवर नावं लिहून घेत. एक कोल्हापूर. दुसरा माझा, माझ्या गावावरून सांगली. काउंटरवरची मुलगी दोघांनाही हाक मारी आणि मीही उठून "हजर" म्हणू लागलो, हे आमच्या शाळेत कोणाला सांगू नये.

तेजूची बारावी झाली आणि चांगली झाली. पुढच्या शिक्षणाला ती पुण्याला गेली. तिला पोचवायला वहिनी गेल्या. अण्णा विमानतळाच्या दारापर्यंत आले आणि काचेबाहेर उभे राहिले. आम्ही दोघं बसने परतलो. "मला कुठं जायचंय म्हणालो हुतो," ते एवढंच म्हणाले. त्या बसमध्ये त्यांनी एसीला नेहमीसारखी नावं ठेवली नाहीत, म्हणून माझ्या ते लक्षात राहिलं.

वर्षं गेली. शेवटचा हप्ता फिटला त्या आठवड्यात झहराबाई हलव्याचा डबा घेऊन घरी आल्या आणि पोहे खाऊन गेल्या. जाताना बंदी उठल्याचा कागद दिला आणि सांगितलं की कॉम्प्युटर कधीकधी उशीर करतो, तेव्हा कागद हातात ठेवा.

शाळेची सुट्टी लागली होती. अण्णा गावी गेले ती हीच सुट्टी. माझं विमान मुंबईचं, अण्णांचं आणि वहिनींचं गोव्याचं, वेळ जवळजवळ एकच. तेजू पुण्याहून परस्पर गावी येणार होती. अण्णांनी विमानतळावर चहा घेतला, या वेळी दोन पूर्ण कप, आणि दोन्हींवर नावं लिहून घेतली. पासपोर्टच्या रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी आपला कप माझ्या हातात दिला.

"धरा."

मी दोन कप धरून मागे उभा राहिलो. तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, परत कॉम्प्युटरकडे पाहिलं. अण्णांनी कागद पुढे सरकवला. त्याने तो उचलला नाही. तो स्क्रीनवर काहीतरी शोधत होता. सुमनवहिनींनी डोळे मिटले होते. अण्णांची मान मागून लाल झालेली मला दिसत होती.

मग त्यांनी हळूच हात लांब केला, वहिनींच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली आणि डोक्यावर घेतली. नजर खाली केली. आणि त्या गुळगुळीत फरशीवर बुटाच्या टोकाने गोल काढू लागले.

अधिकाऱ्याने वर पाहिलं. क्षणभर त्याला काय करावं कळेना. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला, आणि शिक्का पडला.

अण्णा वळले. "पुस्तकराव!" सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे ते ओरडले. "पसंत!"

शाल तशीच डोक्यावर ठेवून ते पलीकडे गेले. माझा नंबर आला. अधिकाऱ्याने माझ्या हातातल्या दोन कपांकडे पाहिलं आणि बोटाने विचारलं, दोन? मी काचेपलीकडे बघितलं. सामान तपासायच्या रांगेत शाल घेतलेला एक आडवा माणूस एका पायावर उभा राहून बूट काढत होता आणि ते धरायला कुणाच्या हातात द्यावेत म्हणून इकडेतिकडे बघत होता.